कुलूप लावण्याआधीची सभा

मार्च संपत आला की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवरची रहदारी उलटी फिरते. दिवाळीपासून उसाने ओसंडून कारखान्याकडे धावणाऱ्या ट्रॉल्यांत आता भांडी, गोधड्या, सरपण, शेळ्या आणि पोरेबाळे असतात. टोळ्या बीडकडे, अहिल्यानगरकडे परतत असतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, एकेकाचे गाळप थांबते. हंगामाच्या सांगतेची पूजा होते, किती टन गाळले आणि उतारा किती पडला याचे फलक लागतात. विकास सोसायटीच्या दारात वेगळीच गर्दी असते, पीककर्जाचे नवे-जुने करण्याची. ३१ मार्चच्या आत जुने भरायचे, त्यासाठी चार दिवस कुणाकडून तरी हातउसने आणायचे आणि नवे उचलून ते परत करायचे. कागदावर कर्ज फिटते, घरात ते तेवढेच राहते.

या धांदलीत एका प्रकारच्या संस्थांचा हिशेब मात्र कुणी मागत नाही. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या दोन तालुक्यांत सामाजिक उद्योग म्हणवणारी बरीच कामे उभी राहिली. शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गटांचे डाळ-मसाल्याचे उद्योग, पुण्यातली नोकरी सोडून गावी परतलेल्या तरुणांनी काढलेल्या माती परीक्षणाच्या, सेंद्रिय खताच्या, थेट भाजीविक्रीच्या संस्था. धंदा करायचा, पण तो गावाच्या कामी यावा, हा त्यांचा मूळ विचार. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये दहा हजार उत्पादक संघटनांची योजना आणली तेव्हा या लाटेला जोर आला. उत्पादक कंपन्यांच्या संख्येत महाराष्ट्र देशात आघाडीवर गेला. योजनेत प्रत्येक संस्थेला व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपये होते. सभासदांनी उभ्या केलेल्या भागभांडवलाइतकेच, पण १५ लाखांच्या मर्यादेत, समभाग अनुदान होते. पहिल्या फळीतल्या संस्थांची ती तीन वर्षे कधीच उलटली. काहींनी बस्तान बसवले, त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. बऱ्याच मात्र थांबल्या. त्या थांबल्या आहेत, हे कुणी जाहीर केलेले नाही, इतकेच.

अशा थांबलेल्या कामाची जागा ओळखायला फार हिंडावे लागत नाही. गावाबाहेर, डांबरी रस्त्याला लागून पत्र्याची शेड असते. दर्शनी भिंतीवर निळ्या रंगातला फलक, त्याच्या खालच्या कडेला मदत देणाऱ्यांची चार-पाच बोधचिन्हे. आत डाळिंब किंवा कांद्याची प्रतवारी करणारे यंत्र, त्याच्या पट्ट्यावर कारखान्यातून आलेले प्लास्टिक अजून तसेच. कोपऱ्यात प्लास्टिकची क्रेट एकात एक घालून छतापर्यंत गेलेली. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन विभागाच्या पडताळणीचा शिक्का, पण त्याची मुदत संपलेली. टेबलाच्या खणात सभेच्या इतिवृत्ताची वही असते आणि तिच्यातला शेवटचा ठराव बहुधा नव्या यंत्राच्या खरेदीचा असतो. बंद करण्याचा ठराव कुठेच नसतो. किल्ली कुणाकडे आहे हे विचारले तर तीन जणांची नावे निघतात.

कुलूप लावले म्हणजे खर्च थांबला, असा आपला समज असतो. वीज एक युनिटही जाळली नाही तरी बिलातला स्थिर आकार दर महिन्याला लागतच राहतो. वस्तू व सेवा कराचे विवरण शून्याचे असले तरी भरावे लागते, उशीर झाला की त्यालाही दंड आहे. कंपनी असेल तर ताळेबंद आणि वार्षिक विवरणपत्र निबंधकांकडे गेले पाहिजे. नाही गेले तर प्रत्येक अर्जामागे दिवसाला १०० रुपये चढत जातात आणि २०१८ पासून त्याला वरची मर्यादा नाही. सलग तीन वर्षे कागद गेले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. हे संचालक कोण? उत्पादक कंपनी काढायला किमान दहा उत्पादक आणि पाच संचालक लागतात, म्हणून आधार कार्ड आणि फोटो घेऊन ज्यांच्या सह्या घेतल्या ते बागायतदार, ते डाळिंबवाले, गटाच्या अध्यक्ष असलेल्या त्या ताई. आपण कुठल्या तरी कंपनीचे संचालक आहोत हे त्यातल्या काहींना नोटीस आल्यावर कळते. ज्या तरुणाने हे उभे केले तो बिचारा पुण्याला परत नोकरीला लागलेला असतो. त्याच्या मनात फसवणूक नव्हती, फक्त ‘आता थांबतो’ हे चार माणसांत सांगायची हिंमत झाली नाही.

ही हिंमत का होत नाही, हे समजण्यासारखे आहे. आपल्याकडे सुरुवातीचे सोहळे मुबलक आहेत. भूमिपूजन, फीत कापणे, बॉयलरचे अग्निप्रदीपन, गव्हाणीत पहिली मोळी टाकणे, त्या प्रत्येकाला पाहुणे, फेटे आणि वर्तमानपत्रात अर्धे पान. बंद करण्याला फक्त अवसायन आहे, आणि संस्था अवसायनात निघाली हे वाक्य गावात घराण्याचे दिवाळे निघाल्यासारखे उच्चारले जाते. त्यात हा मुलूख बारामतीचा. इथे प्रत्येक कामाची तुलना शेजारच्या मोठ्या कामाशी होते. ‘काय रे, कंपनीचं काय झालं तुझ्या?’ हा प्रश्न लग्नाच्या पंगतीत, सगळ्यांदेखत येतो. मग माणूस म्हणतो, ‘चालू आहे की, जरा सीझन नाही म्हणून.’ आणि या एका उत्तरापायी तीन-चार वर्षे संस्थेचेही नवे-जुने होत राहते. एक अनुदान संपले की दुसऱ्याचा अर्ज, एका प्रकल्पाच्या पगारावर दुसऱ्याचा माणूस, आणि मूळ काम बाजूला.

गंमत म्हणजे थांबावे कसे, हे याच तालुक्यांना पक्के ठाऊक आहे. साखर कारखाना दरवर्षी थांबतो. शेवटची गाडी खाली झाली की यंत्रे उघडली जातात, मिलचे रोलर निघतात, बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, कुठला भाग झिजला, कुठला पुढच्या हंगामात दगा देईल याची यादी होते. हंगामी कामगारांना बिगरहंगामात रिटेन्शन भत्ता मिळतो. तो काम न करण्याचा पगार नसतो, पुढच्या मोळीला हा हात परत यावा म्हणून मोजलेला पैसा असतो. थांबण्याची तारीख ठरलेली, थांबण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरलेला, आणि पुन्हा कधी पेटायचे तेही ठरलेले. ज्या गावांत ही शिस्त गेली सात-आठ दशके डोळ्यांसमोर आहे, तिथल्या सामाजिक उद्योगाच्या आराखड्यात ‘काम थांबवावे लागले तर’ या मथळ्याखाली एक ओळ सापडू नये, हे नवल आहे. दोष एकट्या संस्थापकाचा नाही. अनुदान देणाऱ्याच्या अर्जातच तो रकाना नसतो.

थोडे मागे जाऊन पाहू. १९७२ चा दुष्काळ या भागाने भोगला आहे. पुण्यातल्या ॲक्युरेट इंजिनिअरिंग या कारखान्याचे मालक विलासराव साळुंखे त्या काळात शेजारच्या पुरंदर तालुक्यात दुष्काळी कामे पाहायला गेले आणि हजारो माणसे खडी फोडताना पाहून अस्वस्थ झाले. खडी फोडून पुढच्या दुष्काळाला काय उत्तर देणार, हा त्यांचा प्रश्न. १९७४ च्या सुमारास त्यांनी नायगावात देवस्थानची ४० एकर उताराची पडीक जमीन पन्नास वर्षांच्या करारावर घेतली आणि ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापले. समपातळीचे बांध, पायथ्याशी पाझर तलाव, खाली विहीर, आणि तिथले पाणी उचलून वरच्या वावरांना. ज्या माळावर गवतही धड उगवत नव्हते तिथे धान्य पिकू लागले. इथवरची गोष्ट एखाद्या कल्पक इंजिनिअरची म्हणता आली असती. साळुंखे वेगळे ठरले ते पुढच्या पावलामुळे. पाणी कुणाचे, हा प्रश्न त्यांनी लोकांपुढे टाकला, आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली.

तिचे नियम आजही वाचले तर धाडसी वाटतात. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही, माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतके, आणि पाच माणसांच्या कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. वीस एकरांचा धनी असला तरी अडीचच. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही, किंवा तशी दुसरी तहानलेली पिके घ्यायची नाहीत. योजनेच्या खर्चातले वीस टक्के लाभधारकांनी आधी जमा करायचे. निम्मा खर्च सरकारी अनुदानातून आणि उरलेला प्रतिष्ठानकडून बिनव्याजी कर्ज म्हणून. पाणी सोडायला गटाने नेमलेला पाटकरी. प्रत्येक गटाची स्वतःची योजना, स्वतःचे पैसे आणि स्वतःचा हिशेब. असे गट पुरंदरमध्ये एकामागून एक उभे राहिले.

यांपैकी अनेक उपसा योजना पुढच्या काळात बंद पडल्या. विजेचे बिल, भारनियमन, पंपाची दुरुस्ती, आटलेला उद्भव, ज्याच्या-त्याच्या शेतात खोदलेली स्वतंत्र विहीर, पुण्याकडे नोकरीला गेलेली पुढची पिढी. कारणे गावागणिक वेगळी. आणखी एक कारण सगळ्यांच्या नजरेसमोर होते. ऊस लावणार नाही अशी शपथ घेतलेल्या गावांपासून सोमेश्वरची चिमणी काही फार दूर नाही. शेजारचा कालव्यावरचा शेतकरी उसाच्या बिलावर बंगला बांधतो आहे आणि आपण माणशी अर्ध्या एकरावर ज्वारी काढतो आहोत, हे किती वर्षे सहन व्हावे? २००२ मध्ये साळुंखे गेले. त्यांच्या पत्नी कल्पनाताई साळुंखे आणि काही कार्यकर्त्यांनी काम पुढे चालू ठेवले. राज्याने २००५ मध्ये सिंचनाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्या हाती देणारा कायदा केला, पाणी वापर संस्था आल्या. पण भूमिहीनाचा पाण्यावरचा वाटा त्या कायद्यात आला नाही.

मग पाणी पंचायत फसली म्हणायची का? आमचे मत स्पष्ट आहे: योजना थांबल्या, काम फसले नाही. यात भावनेचा भाग नाही, रचनेचा आहे. प्रत्येक गट स्वतंत्र असल्यामुळे एकाचा पंप जळला तर दुसऱ्याचे पाणी तुटले नाही. लोकांचे वीस टक्के आधी गुंतलेले असल्यामुळे योजना बंद करायची की चालवायची, हा निर्णय पुण्यातल्या कुठल्या कार्यालयाने करायचा नव्हता. आणि नियम इतके थोडके व स्पष्ट होते की योजना गेली तरी ते माणसांच्या तोंडी राहिले. आज दुष्काळी भागात कुठेही समन्यायी पाणीवाटपाचा विषय निघाला की माणशी हिशेबाची गोष्ट येतेच. आजच्या किती सामाजिक उद्योगांबद्दल हे म्हणता येईल? त्यांचे प्रकल्प अहवाल दोनशे पानांचे असतात. पण गावातल्या माणसाला ‘हे नेमके कशासाठी होते?’ विचारले तर तो म्हणतो, ‘ट्रेनिंग होतं. जेवण चांगलं दिलं.’

बारामतीचा स्वतःचा इतिहासही इथे आठवावा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस टंचाईच्या काळात कासा या चर्चच्या मदत संस्थेमार्फत आलेला गहू आणि खाद्यतेल मजुरीच्या मोबदल्यात देऊन तालुक्याच्या जिरायती भागात पाझर तलाव झाले. कामाच्या बदल्यात धान्य हा उपक्रम तात्पुरता होता. धान्य थांबले की तोही थांबणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होते. तलाव राहिले. त्या कामातून जे हात तयार झाले, जी उमेद मिळाली, तिला संस्थेचे रूप मिळाले ते १९७१ मध्ये, आप्पासाहेब पवारांच्या पुढाकाराने झालेल्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या रूपाने. १९९२ मध्ये तिच्याकडे कृषी विज्ञान केंद्र आले. आज तिथे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीने उसाचे प्रयोग चालतात. उपक्रम आणि संस्था या दोन गोष्टींची गल्लत त्या पिढीने केली नाही. आता तीन वर्षांच्या उपक्रमासाठी कायमची कंपनी नोंदवली जाते, आणि उपक्रम संपला की कंपनीचा सांगाडा कुणाच्या तरी गळ्यात राहतो.

संस्थापकांनी काय शिकावे, याची चर्चा बहुतेक वेळा ‘बाजारपेठेचा अभ्यास कमी पडला’ इथे येऊन थांबते. या दोन तालुक्यांत अभ्यास कुठे कमी पडतो, ते नेमके सांगता येते.

पहिले म्हणजे जागा. प्रयोग बारामतीच्या बागायती पट्ट्यात होतो. तिथे नीरा डाव्या कालव्याचे पाणी आहे, दारापर्यंत डांबरी रस्ता आहे, दोन्ही वेळ दुधाची गाडी येते, उसाचे बिल बँकेत जमा होते, शंका आली तर कृषी विज्ञान केंद्र दुचाकीच्या अंतरावर. तिथे प्रयोग जमला की त्याचे श्रेय संस्था स्वतःकडे घेते. मग तोच नमुना सुपे, मोरगाव, लोणी भापकरच्या जिरायती गावांत नेतात, किंवा इंदापूरच्या त्या बावीस गावांत, जी वर्षानुवर्षे पाण्यासाठी आंदोलने करताहेत, किंवा खडकवासल्याच्या कालव्याच्या टेलला, जिथे आवर्तन सुटले तरी पाणी पोहोचेल की नाही याची खात्री नसते. तिथे तेच यंत्र, तोच माणूस, तेच प्रशिक्षण, आणि काम बसते. खरे तर आधीच्या यशातला मोठा वाटा कालव्याचा होता. तो कुणी हिशेबात धरला नव्हता. गरज जास्त कुठे होती? टेलला. प्रयोग सोपा कुठे होता? कालव्याच्या डोक्याला. नव्या माणसाने पहिल्याच वर्षी अवघड गावात काम काढावे, निदान अर्धे तरी. फसले तर ते लवकर आणि स्वस्तात फसेल.

दुसरे पैशाच्या वेगाचे. इथल्या घराचा रोजचा खर्च दुधाच्या पगारावर चालतो, आणि तो पगार दर दहा दिवसांनी होतो. डाळिंबाचा व्यापारी बांधावर येतो, माल पाहतो, बऱ्याचदा बागेवरच उचल देऊन जातो. दर दोन रुपये कमी देईल, मापात मारील, पण लेकीच्या लग्नाला किंवा दवाखान्याला रात्री अकरालाही पैसे देईल. त्याच्यासमोर उत्पादक कंपनी उभी राहते ती ‘आम्ही किलोला चार रुपये जास्त देऊ, माल विकल्यावर महिन्याभरात’ असे म्हणत. शेतकरी अडाणी नाही. त्याने महिन्याभराच्या थांबण्याची किंमत चार रुपयांपेक्षा जास्त लावलेली असते. खेळत्या भांडवलाशिवाय काढलेली कंपनी म्हणजे इंजिनाशिवाय ट्रॅक्टर. अनुदानातून यंत्र मिळते, शेड मिळते, संगणक मिळतो. माल उचलायला लागणारी रोकड मिळत नाही, आणि तारण नाही म्हणून बँक दारात उभी करत नाही.

तिसरे, मुदत. आडसाली ऊस सोळा-अठरा महिन्यांचा. तीन वर्षांच्या प्रकल्पात त्याची जेमतेम दोन पिके बसतात. डाळिंबाची नवी बाग लावली तर धड बहार धरायलाच दोन-अडीच वर्षे जातात, आणि मध्ये तेल्या आला तर बाग काढून टाकायची वेळ येते; इंदापुरातल्या किती जणांनी ती काढली हे गावोगाव दिसते. पिकाचे वर्ष आणि प्रकल्पाचे वर्ष असे जुळत नसताना तिसऱ्या वर्षाअखेर ‘संस्था स्वावलंबी झाली’ असे लिहून द्यावे लागते. लिहून देणाऱ्यालाही माहीत असते, घेणाऱ्यालाही.

उघडपणे थांबणे शक्य असते, याचे एक उदाहरण आपल्या शेजारच्या बांगलादेशातले आहे. तिथल्या रंगपूर भागात भाताची लावणी झाल्यापासून कापणीपर्यंत कामच नसते. त्या उपाशी दिवसांना तिकडे मोंगा म्हणतात. २००८ मध्ये काही अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. गरीब कुटुंबांना बसभाड्याइतके पैसे देऊ केले, जेणेकरून घरातला एक माणूस शहरात कामाला जाईल. परिणाम चांगला दिसला. गेलेल्यांच्या घरी खाणेपिणे सुधारले. एव्हिडन्स ॲक्शन या अमेरिकी संस्थेने ‘नो लीन सीझन’ नावाने तो कार्यक्रम वाढवला. मोठ्या प्रमाणावर केल्यावर २०१७ च्या पाहणीत तो परिणाम दिसेनासा झाला, स्थानिक अंमलबजावणीबद्दलही प्रश्न निघाले, आणि २०१९ मध्ये संस्थेने कार्यक्रम बंद करत असल्याचे कारणांसह जाहीर केले. ज्या मुलखातून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या येतात-जातात, तिथल्या वाचकाला या प्रयोगाचे मर्म वेगळे सांगायला नको. अर्थात अमेरिकेतल्या संस्थेला हे सोपे गेले असणार. तिच्या संचालकांना रंगपूरच्या आठवडे बाजारात भाजी घ्यायला जायचे नव्हते. आपल्याकडच्या संस्थापकाची आत्या त्याच गावात दिलेली असते आणि तिनेही हजार रुपयांचा शेअर घेतलेला असतो. म्हणून तर आपल्याकडे उघडपणाची गरज अधिक. आत्याचा प्रश्न टाळता येत नाही. त्याचे उत्तर आज आकड्यांत द्यायचे की पाच वर्षांनी खाली मान घालून, एवढीच निवड असते.

थांबायचे कसे, याच्या वाटा कायद्यात आहेत. कंपनी कायद्याच्या कलम ४५५ नुसार कंपनीला निष्क्रिय दर्जा मागता येतो. त्यासाठी भागधारकांचा विशेष ठराव किंवा तीन-चतुर्थांश भागभांडवलाची संमती लागते, कामगारांची, कराची देणी थकलेली चालत नाहीत. एकदा हा दर्जा मिळाला की वर्षाला नावापुरते विवरण भरून कंपनी जिवंत ठेवता येते, मात्र सलग पाच वर्षे निष्क्रिय राहिली तर निबंधक तिचे नाव कमी करण्याची कारवाई सुरू करतात. म्हणजे विश्रांतीलाही मुदत आहे, आणि ते योग्यच आहे. सहकारी संस्थेला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात अवसायनाची तरतूद आहे; अवसायक येतो, येणी-देणी ठरतात, पण ही वाट लांबलचक, आणि बहुतेकदा ती संस्थेने स्वतः धरलेली नसते, उपनिबंधकाने धरायला लावलेली असते. धर्मादाय न्यासाचे काम आणखी अवघड. म्हणून सुरुवात करतानाच नोंदणी कुठल्या रूपात करतो आहोत, याचा विचार ‘कुठे अनुदान लवकर मिळते’ यावर न करता ‘यातून बाहेर कसे पडता येईल’ हेही पाहून करावा. एखादा जाणता सनदी लेखापाल हे पहिल्या बैठकीत सांगतो. ऐकणारा त्या दिवशी उद्घाटनाची पत्रिका छापण्याच्या गडबडीत असतो.

थांबलेल्या कामातही मोलाचे काही असते आणि तेच सर्वात आधी हरवते. तीन वर्षांत गावागावांतून गोळा केलेल्या माती परीक्षणाच्या नोंदी, कुठल्या व्यापाऱ्याने किती दिवसांनी पैसे दिले याची वही, कुठले वाण कुठल्या शिवारात लागले नाही याची माहिती. ही सगळी एका लॅपटॉपमध्ये असते आणि लॅपटॉप मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याबरोबर जातो. शारदानगरचे कृषी विज्ञान केंद्र आणि माळेगावचे अजैविक ताण संशोधन केंद्र इतकी जवळ असताना ही माहिती तिथे सोपवून पावती घ्यायला कुणाची हरकत असेल? यंत्रांचेही तेच. बंद शेडमधले प्रतवारी यंत्र दोन पावसाळे गेले की भंगाराच्या भावाने जाते. वेळेत दिले असते तर शेजारच्या चालत्या गटाला ते अर्ध्या किमतीत उपयोगी पडले असते.

निधी देणाऱ्यांना एक सांगणे आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचे पैसे असोत की सरकारी योजनेचे, एकूण रकमेतला ठरावीक हिस्सा काम आवरण्यासाठी वेगळा ठेवावा: हिशेब पूर्ण करणे, शेअर परत करणे, नोंदी सोपवणे आणि एका कारकुनाचा सहा महिन्यांचा पगार. कारखाना रिटेन्शन देतो ते दानधर्म म्हणून नव्हे. आणि वर्षअखेरच्या अहवालात ‘काय थांबवले आणि का’ असा रकाना घालावा. तो रिकामा आला तर त्या संस्थेला प्रश्न विचारावेत.

संचालकांसाठी मात्र वाट पाहायचे कारण नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. ज्यांच्या शेडला कुलूप आहे त्यांनी ही सभा कागदावर न उरकता शेडच्या दारात, सतरंजी टाकून घ्यावी. शेअर घेतलेल्या प्रत्येकाला, पुण्या-मुंबईला गेलेल्यांनाही, निरोप धाडावा. किती आले, किती गेले, किती उरले, यंत्रांचे काय करायचे आणि काम पुन्हा सुरू करायचे असेल तर कुठली अट पुरी झाल्यावर आणि किती तारखेपर्यंत, हे त्या वहीत लिहून सगळ्यांच्या सह्या घ्याव्यात. ३१ मार्चपासून सहा महिने हातात असतात.